ड्रिल मास्तरांचा बडग्या

दादा गेला त्याला महिना उलटून गेला. मला भरभर लिहिता येत नाही. एक वाक्य झाले की उठून खिडकीशी जातो, ते खरे आहे का हे मनाशी तपासतो आणि मग पुढचे लिहायला बसतो. शोकसभेत बोलणाऱ्यांची अशी काही अडचण नव्हती.

सभा दादाच्याच शाळेत झाली. तिथे त्याने जन्मभर पोरांकडून कवायत करून घेतली. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब होते. हे पूर्वी नागपुरात महाल भागात आमच्याच गल्लीत राहत. पुढे धंतोलीत बंगला बांधून गेले आणि गल्लीने तो वियोग धीराने सोसला. त्यांनी दादाबद्दल थोडे आणि स्वतःबद्दल सविस्तर सांगितले. एके काळी दांडगट मुलांना वळण लावण्यासाठी आपण ह्याच शाळेत 'आदर्श बालक' नावाची व्याख्यानमाला कशी चालवली, तिच्यामुळे गल्लीतला सर्वांत मारकुटा मुलगा कसा माणसात आला, आणि त्या कामी 'आमच्या ह्या दिवंगत कवायत शिक्षकांनीही खारीचा वाटा उचलला', असे ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढेही ज्यांना कळत नाही, त्यांच्यापुढे उभा राहून मी काय बोलणार होतो? घरी आलो आणि कागद पुढे ओढला.

ती व्याख्यानमाला मी पुरती ऐकली आहे. मी तेव्हा त्याच शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि दादा ड्रिल मास्तर होता. दर शनिवारी शेवटचा तास बंद करून आम्हांला मोठ्या दालनात जमिनीवर बसवीत. गल्लीतले कोणी तरी थोर गृहस्थ येऊन आपले बालपण किती निर्मळ होते ते सांगत. लहानपणी आपण मुंगीला ओलांडूनसुद्धा जात नसू, असे वकीलसाहेबांनी एकदा सांगितले. मध्येच शिपायाने पाणी आणायला उशीर केला. "गाढवा, कान फुटले काय तुझे?" असे त्याला म्हणून, घोटभर पाणी पिऊन, त्याच श्वासात ते पुढे म्हणाले, "तर मुलांनो, मृदू वाणी हा सज्जनाचा दागिना." मुख्याध्यापक शेजारी मान डोलवीत बसले होते. त्यांच्यासमोर टेबलावर छडी होती. दयेवरच्या व्याख्यानालाही ती तिथेच असे.

जिवंत उदाहरण म्हणून व्यासपीठाच्या पायरीवर वकीलसाहेबांचा मुलगा बसवीत. धुतलेली टोपी, तेल लावलेले केस. हा आदर्श बालक चिमटे काढण्यात वाकबगार होता. त्याचे वळ मांडीवर, चड्डीच्या आत उमटत, त्यामुळे ते कोणाला दिसत नसत.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, त्या पोराने उठवलेले वळ मात्र मनगटावर असत आणि सर्वांना दिसत. सभ्य आणि असभ्य ह्यांच्यातला फरक मी शाळेत शिकलो तो एवढाच.

ह्या पोराला गल्लीत रेडा म्हणत. अंगाने आडवा, वयाने असेल बारा-तेरा वर्षांचा. बाप नव्हता. आई चार घरी, आणि त्यांत वकीलसाहेबांकडेही, स्वयंपाकाला जाई, आणि दोघे मामाच्या आश्रयाला होते. मामा गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, होता. रेड्याची पद्धत ठरलेली होती. लहान मुलाचे मनगट धरायचे, उलटे पिरगाळायचे आणि विचारायचे, "बोल बे, तू कोन?" मुलाने 'उंदीर' म्हटल्याशिवाय सोडायचे नाही.

मी एकदा नळावर मामाला पाहिले. घागर कलंडली म्हणून त्याने भाच्याचे मनगट धरले होते. तीच पकड, तेच उलटे पिरगाळणे. "बोल, कोन हायेस तू?" पोरगा म्हणाला, "कुत्रा." मामाने सोडले. मामाचे प्राणिज्ञान भाच्याहून निराळे होते, बाकी सगळे तंतोतंत तेच. मुले अनुकरणाने शिकतात, हे वकीलसाहेबांचे आवडते वाक्य खरेच होते. शनिवारी एक तास कानावर पडणारा धडा पक्का होणार की रोज मनगटावर बसणारा, हे सांगायला वकिलीची सनद लागत नाही. सनद असली की ते कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

दादाचे हातही स्वच्छ नव्हते. त्या वर्षी शाळा उघडली तेव्हा कवायतीच्या रांगेत रेड्याने एका लहान मुलाला चिखलात ढकलले. दादाने धावत जाऊन सगळ्या शाळेसमोर त्याच्या थोबाडीत मारली. टोपी लांब जाऊन पडली. मुख्याध्यापकांनी दादाला शाबासकी दिली. घरी आल्यावर दादा पानावर बसला, भात कालवला आणि तसाच उठला. "हात चुकला का?" मी विचारले. "नाही," तो म्हणाला, "बरोबर बसला. तेच तर."

पोळा जवळ आला तशी गल्लीतल्या थोरांची वकीलसाहेबांच्या ओसरीवर बैठक झाली. व्याख्याने होऊनही रेडा सुधारत नव्हता. व्याख्यानांत काही कमी असेल अशी शंका कोणालाच आली नाही. नागपुराबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते. रोगराई, संकटे, गावाला छळणारे जे जे असेल ते घेऊन जा, असे ओरडत तिला मिरवतात. तिच्याबरोबर बडगे असतात. बडग्या म्हणजे कामट्या, चिंध्या आणि कागद ह्यांचा पुरुषभर पुतळा. ज्याचा लोकांना संताप आहे त्याचे सोंग त्याला द्यायचे आणि गावाबाहेर नेऊन जाळायचे. महागाईचा करतात, लाच खाणाऱ्या अंमलदाराचाही करतात. आमच्या विद्वानांनी ठरवले की ह्या वर्षी गल्लीचा बडग्या त्या पोराचा करायचा. पुढे गळ्यात हार घातलेला आदर्श बालक चालेल, मागून बडग्या. चांगल्याचे काय होते आणि वाइटाचे काय होते, ते मुलांना एका नजरेत दिसेल.

दादा पायरीवर उभा होता. तो म्हणाला, "पोरगं आहे ते. इडापिडा नव्हे."

"मास्तर," वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही दंड-बैठका काढा. विचार करायला आम्ही आहोत."

सगळे हसले. मुख्याध्यापकांनी वर जोड दिली की मारबतीनंतरही त्याने कोणाला छळले, किंवा काही आगळीक केली, तर पटावरून नाव कमी करायचे. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. नाव कटले की दुसऱ्या दिवसापासून पोरगा गिरणीत, असे मामाने केव्हाच जाहीर केले होते. त्याने तिथे कामही बोलून ठेवले होते. आईचा एकच हट्ट होता, की पोराने शिकावे.

बडग्याला पोराचा सदरा हवा होता. मुख्याध्यापकांनी शिपायाला पाठवले, आणि कशासाठी ते सांगू नको असे बजावले. आईला वाटले, सणासाठी शाळा गरीब मुलांना कपडे शिवते आहे आणि माप हवे आहे. तिने सदरा धुतला, वाळवला, तुटलेली गुंडी लावली आणि घडी करून दिला. वर शिपायाला म्हणाली, "जरा ढिला शिवा म्हना जी. पोरगं वाढून राहिलं."

मारबतीच्या सकाळी चौकात बडग्या उभा होता. तोंड काळे, डोक्याला कागदी शिंगे, अंगात तो धुतलेला सदरा आणि छातीवर पाटी: 'गल्लीतला रेडा'. पोरे ओरडत होती. पोराची आई वकीलसाहेबांच्या दारात पिठाच्या हातांनी उभी होती. तिने सदरा ओळखला. ती रडली नाही. पदराने हात पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

पोरगा आला तेव्हा त्याच्या हातात धोंडा होता. त्याने बडग्याकडे पाहिले आणि मग आदर्श बालकाकडे. तो धोंडा सुटला असता तर तिथेच सगळे संपले असते. आणि तो सुटावा असे ओसरीवरच्या काही चेहऱ्यांना वाटत होते, हे मी शपथेवर सांगेन.

दादा गर्दीतून पुढे झाला. त्याने बडग्याच्या अंगातला सदरा काढला, झटकला आणि नेऊन आईच्या हातात दिला. मग अंगातला खाकी कोट उतरवून बडग्याला घातला. शिंगे काढून आपली टोपी ठेवली. पाटी उलटी करून मला म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही, मारका ड्रिल मास्तर."

मी लिहिले.

"हा काय चावटपणा आहे?" वकीलसाहेब ओरडले.

"चावटपणा नाही. ह्या पोराला मी सगळ्या शाळेसमोर थोबाडीत मारली होती. तो बारा वर्षांचा आणि मी एवढा. गल्लीतला सगळ्यांत मोठा हात माझा, तेव्हा बडग्याही माझा." तो हे मोठ्याने म्हणाला, कवायतीचे हुकूम देत असे तसे. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेले.

मग त्याने बडग्याची एक बाजू खांद्यावर घेतली. दुसरी बाजू धरायला कोणी येईना. तेवढ्यात कोणी तरी हसले, आणि हसू लागल्यावर नागपूरकराला आवरता येत नाही. मिरवणूक चालू लागली. "घेऊन जा गे मारबत!" च्या गजरात दादाच्या नावाने अशा काही आरोळ्या उठल्या की त्या मी लिहिणार नाही. एका पानवाल्याने विचारले, "काहो मास्तर, सोताच सोताले न्हेऊन राह्यले?" आदर्श बालकाने मागून बडग्याला काठी मारली, ती दादाच्या पाठीला लागली. चुकून लागली, असे त्याचे वडील पुढे म्हणाले.

पोरगा शेजारून चालत होता. धोंडा केव्हा टाकला ते मी पाहिले नाही. बराच वेळ तो दादाच्या हाताकडे पाहत होता, आता उठेल, मग उठेल, अशी वाट पाहिल्यासारखा.

"मास्तर, तुमाले लाज नाई वाटून राहिली?"

"वाटून राहिली ना गा."

"मंग मारत काहून नाई त्याले?"

"मारलं तर पुढच्या साली आणखी एक कोट जाळा लागन. माझ्यापाशी हा एकच होता."

पोरगा हसला नाही. पण चार पावले गेल्यावर त्याने बडग्याची पडलेली बाजू उचलून धरली.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा होता. लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून देवळापुढे रांगेने उभी राहतात. मग घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाही तर एखादे नाणे मिळवतात. आदल्या वर्षी रेड्याने ह्याच रांगेत सोनारांच्या लहानग्याचा बैल मोडला होता. तो येताना दिसला तशी आयांनी आपापली मुले मागे ओढली. तो सरळ त्या लहानग्यापुढे जाऊन उभा राहिला. पाय जुळवलेले, हात पाठीमागे, छाती पुढे. दादा असाच उभा राही. आणि दादाच्याच आवाजात, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा, तो ओरडला, "याचा बैल म्या मोडला होता! मागच्या पोळ्याले!"

पुढे काय करायचे ते त्याला ठाऊक नव्हते. धडा तिथवरच मिळाला होता. तो तसाच उभा राहिला.

लहानग्याने जरा विचार करून सांगितले, "दोनी चाकं."

"हाव. दोनी."

ह्यावर कोणाही शहाण्या माणसाने त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला असता. आमच्याकडे शहाणी माणसे नव्हती, सुशिक्षित होती. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पुन्हा बैठक भरली आणि वकीलसाहेबांनी निर्णय सांगितला: आरोपीने साक्षीदारांसमक्ष गुन्हा कबूल केला आहे, आणि सणाच्या दिवशी देवळापुढे आरडाओरडा केला ही आगळीक वेगळी, सबब नाव कमी करावे. गेली तीन वर्षे गल्लीतले प्रत्येक पोर ज्या गोष्टी पाहत आले होते त्या शिक्षेला पुरत नव्हत्या. त्याने त्या स्वतः सांगितल्या तेव्हा पुरल्या.

दादा बनियनवर गेला. कोट जळालाच होता.

"कबुली मीही दिली," तो म्हणाला. "साक्षीदारही तेच आहेत. मलाही काढा."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही शिक्षक आहात."

"म्हणजे माझा हात मोठा होता."

"वाद घालू नका."

"नाही घालत. त्याचं नाव निघालं की शनिवारी मी येणार नाही."

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. शनिवारी डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार होते. मागच्या भेटीत गणित बुडाले होते, इंग्रजी वाचन बुडाले होते. शाळेची लाज फक्त कवायतीने राखली होती. ह्या मंडळींना न्यायाने जे पटले नाही ते भीतीने क्षणात पटले. तडजोड निघाली. पोरगा राहील, मात्र डिप्टीसाहेबांसमोर उभा राहून त्याने म्हणायचे, 'माझे आदर्श वकीलसाहेब. त्यांच्या व्याख्यानांमुळे मी सुधारलो.' म्हटले तर नाव राहील, नाही तर गिरणी. आणि मास्तरांनी ह्यात बोलायचे नाही.

मुख्याध्यापक रोज मधल्या सुट्टीत त्याच्याकडून ते वाक्य घोकून घेत. आई म्हणे, "म्हन रे बावा. तोंडानं म्हनाले का जाते आपलं?" शुक्रवारी तो आमच्या दाराशी आला.

"मास्तर, म्हनू का मी?"

दादा पायरीवर बसून जोड्याला खिळा ठोकत होता. त्याने वर पाहिले नाही. "मी काय सांगू? गिरणीत तुले जा लागन, मले नाई. मायचं आयक."

मला त्या उत्तराचा राग आला होता. आज येत नाही. दुसऱ्याच्या जिवावर धीराचे पाठ देणारे लोक आम्ही दर शनिवारी ऐकतच होतो.

शनिवारी कवायत नेहमीसारखी उत्तम झाली. डिप्टीसाहेब जबलपूरकडचे होते, हिंदी बोलत. मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळे. ते खूश झाले. मग मैदानात, सगळ्या रांगा उभ्या असतानाच, पोराला पुढे बोलावले. मुख्याध्यापकांनी साहेबांना समजावून दिले की हा पूर्वी फार मारकुटा होता. वकीलसाहेबांनी उपरणे सारखे केले. त्याची आई आज स्वयंपाक टाकून फाटकाशी येऊन उभी होती.

"माझे आदर्श," पोरगा म्हणाला आणि थांबला.

"वकील," मुख्याध्यापकांनी दबक्या आवाजात पुढचा शब्द पुरवला.

पोराने पाय जुळवले. "ड्रिल मास्तर."

"क्यों बेटा?" डिप्टीसाहेबांनी विचारले.

"त्याइनं मले सगळ्याइसमोर मारलं होतं. मंग सगळ्याइसमोर सांगतलं, का म्या मारलं म्हनून."

साहेबांनी मुख्याध्यापकांकडे वळून, लड़का काय म्हणतो, असे विचारले. मुख्याध्यापकांना घाम फुटला होता, पण आयुष्यभराचा सराव कामी आला. ते म्हणाले, "हुजूर, कहता है कवायद से सुधर गया।"

"बहुत खूब!" साहेबांनी पोराची पाठ थोपटली. "अगले साल इस लड़के को हमें फिर दिखाइए।"

झाले. आता त्याचे नाव कापायला त्या ओसरीवर कोणाची छाती नव्हती. फाटकाशी उभ्या असलेल्या आईला हिंदी किती समजले कोण जाणे, पण पाठ थोपटलेली तिने पाहिली आणि ती स्वयंपाकाला निघून गेली. टाळी पहिली वाजवली ती वकीलसाहेबांनी. दादा भिंतीला टेकून आपल्या जोड्यांकडे पाहत होता.

पोरगा रांगेत परत गेला. त्याची जागा आदर्श बालकाच्या शेजारी होती. तो उभा राहतो न राहतो तोच दचकला. त्याचा हात वर आला. त्या बालकाच्या मनगटापर्यंत गेला. मग त्याने हात मागे घेतला, दुसऱ्या हातात धरून ठेवला आणि डिप्टीसाहेबांना, वकीलसाहेबांना, फाटकाबाहेरच्या टांगेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "चिमटा काहून घेऊन राहिला बे?"